घरी शिकवा, पण घराचं दार उघडं ठेवून

इंदिरानगरमधल्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, दुसरीत आहे. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. मोजके शब्द बोलतो, बाकी ऐकलेलंच परत म्हणतो. शाळेत रोज ताईंना वर्गाबाहेर बसवून ठेवतात आणि आता सांगितलंय, "पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा." मिस्टर सातपूरच्या कंपनीत शिफ्टला. सासूबाई म्हणतात, "घरात कोंडलंस तर पोरगं आणखीच बिघडेल." नणंद म्हणते, "तूच लाडावून ठेवलंयस." ताईंचा प्रश्न असा की याला मी घरी शिकवू शकते का, पुढे परीक्षेचं काय, आणि लोकांना काय सांगायचं?

ताई, शिकवू शकता. मी नाशकात विशेष शिक्षिका म्हणून काम करते आणि घरी शिकून छान वाढलेली मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण शाळा "दुसरीकडे बघा" म्हणाली म्हणून घरी शिकवायला घेऊ नका. शाळेचं वागणं हा एक विषय आणि तुमच्या मुलाला काय मानवतं हा दुसरा. पहिल्याच्या रागात किंवा दबावात दुसऱ्याचा निर्णय घेतला, की चार महिन्यांनी आई थकते, मूल टीव्हीसमोर बसतं आणि शाळेत परत जायची वाटही बंद झालेली असते.

म्हणून आधी शाळेचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या सोळाव्या कलमानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, तेव्हा तुमची शाळा कोणत्या प्रकारात मोडते ते आधी विचारून घ्या. मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सगळ्याच मान्यताप्राप्त शाळांना लागू आहे. त्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, आणि भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, ही जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे. "दुसरीकडे बघा" हे तुम्हाला तोंडी सांगितलंय ना? मग एका कागदावर साध्या मराठीत लिहा की अमुक तारखेला आम्हाला असं सांगण्यात आलं, याचं कारण लेखी कळवावं. पत्र द्या आणि पोच घ्या. माझ्या पाहण्यात, लेखी विचारलं की बऱ्याच ठिकाणी बोलण्याचा सूर बदलतो. नाहीच बदलला, तर शिक्षणाधिकारी आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त यांच्याकडे दाद मागता येते, आणि तेव्हा हाच कागद हाताशी असतो.

आणि एक काम अजिबात करू नका. घाईघाईत दाखला काढू नका. तुम्हीच अर्ज केला की "पालकांनी स्वखुशीने नाव काढलं" अशी नोंद होते. पटावर नाव राहू द्या. समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेत तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. त्यात मुलाचं नाव जवळच्या शाळेच्या पटावरच राहतं आणि विशेष शिक्षक घरी भेट देतात. शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागात आणि तालुक्याच्या ठिकाणी गट साधन केंद्रात याची चौकशी करायची. खरं सांगायचं तर या भेटींच्या भरवशावर मुलाचं शिक्षण होत नाही. शिक्षक कमी, मुलं फार. पण नाव यादीत असलं की साहित्य, भत्ते, शिबिरं यांची माहिती तुमच्यापर्यंत येते आणि सरकारी हिशेबात तुमचं मूल "शाळाबाह्य" ठरत नाही.

शिक्षण हक्क कायद्यातली एक बारीक गोष्टही सांगून ठेवते, कारण यावरून गोंधळ होतो. २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय दिला तो बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना. तीव्र म्हणजे ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त. तुमच्या मुलाच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर पन्नास-साठ टक्के असतील, तर या कलमाखाली शाळा किंवा अधिकारी तुम्हाला "घरीच ठेवा" असं सांगू शकत नाहीत. हा हक्क मुलाचा आहे, शाळेची सुटका करून घेण्यासाठी तो दिलेला नाही. उलट बाजूने, मूल शाळेत पाठवलं नाही म्हणून आई-वडिलांना दंड करण्याची तरतूद या कायद्यात नाही. तेव्हा घरी शिकवलं तर पोलीस येतील, ही भीती मनातून काढून टाका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर म्हटलंय की घरी शिकणाऱ्या दिव्यांग मुलाला इतर मुलांच्या बरोबरीचं मानायचं आणि त्या शिक्षणाचं परीक्षणही करायचं. ते होताना मला फारसं दिसत नाही, पण मागायला आधार आहे.

आता तुमच्या मुलाला काय मानवेल ते. मी घरी गेले की पहिल्यांदा विचारते, शाळेतून आल्यावरचा पहिला तास कसा जातो? काही मुलं येतात, दप्तर टाकतात, खातात, आपल्या खेळाला लागतात. काही मुलं आल्या आल्या हात चावतात, पंख्याखाली गोल गोल फिरत राहतात, रात्री झोपत नाहीत, आणि सकाळी गणवेश दिसला की उलटी काढतात. दुसऱ्या प्रकारचं मूल दिवसभर वर्गातला आवाज, ट्यूबलाइट, धक्के, घंटा एवढंच सोसत असतं. शिकायला त्याच्याकडे काही उरतच नाही. अशा मुलाला काही काळ घरी शिकवणं हा शहाणपणाचा निर्णय असतो. पण ज्याला मधल्या सुट्टीत मुलांच्या मागे पळायला आवडतं, जो घरी आल्यावर बाईंची वाक्यं आरशासमोर म्हणतो, त्याला शाळेतून काढून तुम्ही त्याची आवडती माणसं काढून घ्याल. तुमचा मुलगा "ऐकलेलंच परत म्हणतो" असं तुम्ही लिहिलंय. तो कोणाची वाक्यं म्हणतो? शाळेतली असतील, तर तिथलं काहीतरी त्याच्या मनात रुजतंय.

मधला मार्गही आहे आणि तो फार कमी लोक मागतात. सकाळचे दोन तास शाळा, उरलेलं घरी. किंवा चित्रकला, खेळ, कवायत आणि सहलीला शाळेत, वाचन-गणित घरी. सगळ्या शाळा मान्य करणार नाहीत. पण वरच्या पत्रात हाच प्रस्ताव लिहून द्या. मुख्याध्यापिकांनाही भांडणापेक्षा यात बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

समजा, घरी शिकवायचं ठरलं. तर पहिली गोष्ट म्हणजे शाळा घरात आणू नका. सकाळी आठ ते एक टेबलाशी बसवून दुसरीचं पुस्तक पान एक पासून सुरू करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या आणि त्यांची मुलं दोघंही रडतात. एका मुलाला एक मोठं माणूस शिकवत असेल तर बैठकीचं काम दिवसाला दीड-दोन तास पुरतं, तेही दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. बाकीचा दिवस अंघोळ, कपडे, स्वयंपाकघर, दुकान, बाग. ऑटिझम असलेल्या आठ वर्षांच्या मुलासाठी हाच अभ्यासक्रम आहे. स्वतःची शर्टाची बटणं लावणं, संडासला जाऊन आल्यावर स्वच्छता, दार लावून कपडे बदलणं, हे सगळं आत्ता शिकवा. चार-पाच वर्षांत तो वयात येईल. तेव्हा "आडोसा म्हणजे काय" हे नव्याने शिकवणं फार अवघड जातं.

दिवस त्याच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. ही पद्धत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत उभी केली, टीच या नावाने ती ओळखली जाते. आई-वडिलांना दोषी न धरता सहशिक्षक मानायचं, हा तिचा पाया होता. आपल्याकडे ती करायला महागडं साहित्य लागत नाही. स्वयंपाकघराच्या दारावर एक उभी पट्टी, तिच्यावर वेल्क्रोने लावलेली पाच-सहा कार्डं. वाटी-चमचा, वही, मटार, बूट, झोका. मोबाईलवर घरातल्याच वस्तूंचे फोटो काढा आणि छापून लॅमिनेट करा. एक काम झालं की तो कार्ड काढतो आणि खाली ठेवलेल्या डब्यात टाकतो. त्या डब्याला नाव "झालं". पहिले काही दिवस तुम्ही त्याचा हात धरून कार्ड काढायला लावाल. मग एक दिवस तो मटारचं कार्ड उपटून डब्यात टाकेल आणि मटार न सोलताच झोक्याकडे पळेल. तेव्हा रागावू नका. पट्टीचा अर्थ त्याला कळला आहे.

मटारचं काम कसं करायचं ते सांगते, कारण अशाच कामात भाषा आणि गणित दोन्ही बसतं. डावीकडे पाव किलो शेंगा टोपलीत. मधे ताट. उजवीकडे तीन वाट्या, प्रत्येकीत तळाला चिकटवलेला कागद, त्यावर दहा ठिपके. एकेका ठिपक्यावर एक दाणा. ठिपके भरले की वाटी संपली. तीन वाट्या झाल्या की काम संपलं, हे त्याला न सांगता दिसतं. तुम्ही शेजारी बसून तेच काम करायचं आणि फार बोलायचं नाही. "सोल. टाक. झालं." एवढंच. आपण मराठी आया बोलतो फार. "अरे बाळा, हे बघ, इकडे बघ ना, असं नाही, असं करायचं..." यातलं कोणतं वाक्य कामाचं हे त्याने कसं ओळखायचं? कमी शब्द, एकच चाल, आणि मग थांबा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. बरीच मुलं सातव्या-आठव्या आकड्याला हलतात, आणि आपण तिसऱ्यालाच परत बोललेलो असतो. पुढे ठिपके जाऊन अंक येईल, मग वाटीऐवजी दहाचं नाणं, मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दुधाची पिशवी.

बोलण्याबद्दल. तुमचा मुलगा तहान लागली की "पाणी हवंय का?" म्हणत असेल, कारण त्याने ते वाक्य पाण्याच्या वेळी तुमच्याकडूनच ऐकलंय. याला पोपटपंची समजून गप्प करू नका. तो बोलतोय, फक्त तुमच्या वाक्यात. तुम्ही त्याच्या बाजूने म्हणा, "मला पाणी हवंय," आणि लगेच पाणी द्या. आणखी एक, जे घरोघरी दिसतं. दिवसभर आईबरोबर असलेला मुलगा "मी जेवते", "मी येते" असं म्हणायला लागतो, आणि नातेवाईक हसतात. त्यात हसण्यासारखं काही नाही, त्याला नमुना आईचाच मिळालाय. वडिलांनी, आजोबांनी, मामाने रोज त्याच्यासमोर ठरवून "मी जेवतो", "मी आलो" म्हणायचं. तुमच्या मिस्टरांना मुलाच्या शिक्षणात त्यांचं काम काय हे कळत नसेल, तर हे पहिलं काम. ते दुसऱ्या कोणाला करता येणार नाही.

कोणी सांगेल की घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. ऐकू नका. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. आणि ज्या भाषेत आजी जेवायला हाक मारते, ती भाषा त्याच्याकडून काढून घेतली तर तो आजीशी बोलणार कसा? चित्रकार्डांबद्दल आणि बोलणाऱ्या ॲपबद्दलही असाच गैरसमज आहे की त्यामुळे मूल बोलायचा आळस करेल. तसं होत नाही. मागणी पूर्ण होते हे कळलं की बऱ्याच मुलांचे शब्द वाढतात. आयआयटी मुंबईने तयार केलेलं जेलो हे ॲप मोफत आहे आणि त्यात मराठीही आहे. मोबाईल रिकाम्या वेळचं खेळणं म्हणून देण्याऐवजी त्याचा आवाज म्हणून द्या.

वागणुकीचे प्रश्न आले की वही काढा. तारीख, वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आठवडाभराने पान उलटून बघितलं की कारण बऱ्याचदा समोर येतं. अचानक वाढलेलं ओरडणं, डोकं आपटणं दिसलं तर आधी डॉक्टरांना कान, दात आणि पोट दाखवा. बद्धकोष्ठाने हैराण झालेलं मूल "हट्टी" म्हणून मार खातं, हे फार वाईट आहे. मारू तर कधीच नका.

नाशकात राहताना काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. गणपतीतले ढोल, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), दिवाळीचे फटाके. कानावर आवाज कमी करणारे हेडफोन घाला, मंडप आदल्या दिवशी दुपारी रिकामा असताना दाखवून आणा, आणि "ढोल, मग घर" अशी दोनच कार्डं खिशात ठेवा. सिंहस्थ येतोय, २०२७ मध्ये पंचवटीकडचे रस्ते बंद होतील, गर्दी होईल, बसचे मार्ग बदलतील. ज्या मुलांचा दिवस ठरल्या रस्त्याने जातो त्यांना आधीपासून पर्यायी रस्ता सवयीचा करा. आणि पाणी. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची जबरदस्त ओढ असते आणि धोक्याची जाणीव नसते. अशी मुलं घरातून निसटली की बुडण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो. गोदाघाट, सोमेश्वर, कालवा, शेततळी, सगळीकडे आपल्याभोवती पाणी आहे. दाराला वरची कडी लावा, गळ्यात किंवा मनगटावर तुमच्या फोन नंबरची पट्टी ठेवा, आणि महापालिकेच्या तलावावर ओळखीचा प्रशिक्षक गाठून पोहायला शिकवा. माझ्या मते, दुसरीच्या गणिताआधी पोहणं.

आता लोकांचं. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "कोंडलंस तर बिघडेल." त्यांचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. त्यांना ऑटिझम कळत नसेल, पण त्यांनी घरशिक्षणाचा खरा धोका बरोबर ओळखलाय. शाळा सुटते त्या दिवशी मुलाच्या आयुष्यातून एकदम तीस-चाळीस माणसं जातात. रिक्षावाले काका, शिपाईमामा, बाई, शेजारचा मुलगा. आणि मुलाबरोबर आईही दिसेनाशी होते. लग्नाला जायचं टाळते, भिशी सोडते, गच्चीवरही अंधार पडल्यावरच जाते. मूल किती शिकलं याआधी मी विचारते की या आठवड्यात घराबाहेरच्या किती माणसांनी त्याला नावाने हाक मारली. दोनच असतील, तर अभ्यास कितीही चांगला चाललेला असो, मला काळजी वाटते. म्हणून सासूबाईंना सांगा, "आई, तुमचं बरोबर आहे, त्याला कोंडायचं नाहीये. रोज संध्याकाळी पाच वाजता त्याला बागेत न्यायचं काम तुम्ही घ्याल का?" विरोध करणाऱ्या माणसाला काम दिलं की तोच पुढे लोकांना उत्तरं देतो.

नणंदेच्या बोलण्याचं मुळीच मनाला लावून घेऊ नका, कारण हा आरोप फार जुना आहे आणि केव्हाच खोटा ठरलेला आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं पाश्चात्त्य देशांतले मोठमोठे लोक आईच्या कोरडेपणामुळे असं होतं असं सांगत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता, पुरावे मांडून दाखवलं की हा मेंदूच्या जडणघडणीचा भाग आहे, आईच्या मायेचा नाही. साठ वर्षं झाली. आपल्याकडे मात्र अजून आई नोकरी करत होती म्हणून, आईने मोबाईल दिला म्हणून, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून, असं चालूच आहे. मायेने मूल लाडावतं, ऑटिझम होत नाही. आणि याच अपराधीपणाचा फायदा घेऊन कोणी स्टेम सेलची लाखो रुपयांची इंजेक्शनं सांगेल, तर लांब राहा. ऑटिझमसाठी त्याची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

सोसायटीत काय सांगायचं? एकच वाक्य ठरवा आणि सगळ्यांना तेच सांगा. "त्याला ऑटिझम आहे, आवाजाचा त्रास होतो, सध्या आम्ही त्याला घरी शिकवतोय." एवढंच. सहानुभूती मागायची नाही, माफीही मागायची नाही. मग रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने त्याला न्या. भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले, वॉचमन काका. पहिल्या महिन्यात बघत राहतील, दुसऱ्यात विचारतील, तिसऱ्यात मावशी स्वतःच कार्ड हातात घेऊन "काय पाहिजे रे, काकडी?" म्हणतील. माणसं व्याख्यानाने बदलताना मी फारशी पाहिली नाहीत, रोजच्या ओळखीने बदललेली पाहिली आहेत.

माझ्याच क्षेत्रातल्या काही लोकांचं वागणंही मला खटकतं. "आईला काय कळतं, थेरपी आमच्याकडेच झाली पाहिजे" असं म्हणणारे आहेत. आणि दुसऱ्या टोकाला, शाळा म्हणजे तुरुंग, सगळ्याच मुलांनी घरी शिकावं असं सांगणारे पालकगट आहेत. त्यांची मुलं बोलतात, फिरतात, स्वतः मित्र जोडतात. तुमचं गणित निराळं आहे. नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी ही विशेष शाळा सुरू केली, कारण विशेष मुलांना घरात बसवून ठेवण्याशिवाय कुटुंबांसमोर दुसरी वाट नव्हती. मुलांना घराबाहेर आणायला त्या पिढीने जे कष्ट घेतले, ते आठवून मी घरशिक्षणाला "हो" म्हणताना दर वेळी ही अट घालते की मूल लोकांत दिसत राहिलं पाहिजे. स्पीच थेरपी किंवा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आठवड्यातून दोनदा बाहेर जाऊनच घ्या, परवडत असलं तरी घरी बोलावू नका. जाण्यायेण्यात, सिटीलिंकच्या बसमध्ये तिकिटासाठी हात पुढे करण्यात, तेवढंच शिक्षण आहे.

परीक्षेचं थोडक्यात सांगते, कारण आठव्या वर्षी त्याची चिंता नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय, मराठी माध्यम मिळतं, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत सवडीने एकेक विषय सोडवता येतो. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय आहेत. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीतच असतो. प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. घरी शिकून पास होणं नाशिककरांना नवीन नाही. ज्या शहरात मुक्त विद्यापीठ १९८९ पासून "ज्ञानगंगा घरोघरी" म्हणत उभं आहे, तिथे नातेवाईकांना हे समजावणं अवघड जाऊ नये. तोवर प्रमाणपत्र काढलं नसेल तर ते काढा. स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलमध्ये तपासणी. मुलाला रांगेचा त्रास होत असेल तर त्याच्या आवडीचं काहीतरी आणि दोन माणसं बरोबर न्या. ते हातात आलं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो.

शेवटी तुमच्याबद्दल, कारण तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. घरी शिकवणं म्हणजे आईची एक पूर्ण नोकरी, बिनपगारी, बिनसुट्टीची. ती एकटीने चालत नाही. मिस्टरांची पहिली शिफ्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळचे दोन तास मुलगा त्यांचा, आणि त्या वेळात तुम्ही स्वयंपाक करायचा नाही, घराबाहेर जायचं. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात हे काम सासूबाईंचं किंवा नणंदेचं. हे सुरू करण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा. कोणीच तयार नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे की सध्या मूल शाळेतच राहू द्या आणि शाळेशी लढा. थकलेल्या आईजवळ दिवसभर राहण्यापेक्षा मध्यम शाळा बरी.

आणि लगेच कायमचं ठरवू नका. मे महिन्याच्या सुट्टीत सहा आठवडे करून बघा. दारावरची पट्टी, दीड तासाची बैठक, पाच वाजताची बाग, आठवड्याला दोन थेरपी, आणि वागणुकीची वही. सहा आठवडे झाले की ती वही घेऊन सगळे बसा आणि तीन गोष्टी बघा. झोप सुधारली का, स्वतःहून काही मागायला लागला का, बाहेरची नवी माणसं ओळखायला लागला का. तिन्हींना "हो" असेल तर शाळेला गृहाधारित शिक्षणाचं किंवा अर्ध्या दिवसाचं पत्र द्या आणि दिवाळीत पुन्हा हीच तपासणी करा. "नाही" असेल तर तो परत वर्गात जाईल, आणि ती वही नव्या बाईंच्या हातात द्या. तो कशाने चिडतो, किती वेळ थांबल्यावर उत्तर देतो, पाणी कसं मागतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळेल.